टॉवेलखालचा ढीग

दसऱ्याच्या सकाळी सावळीरामांच्या झेंडूचा एकच ढीग जवळजवळ अख्ख्या इंदिरानगरला विकला गेला. पण असं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. त्यांच्या मुलाने, जीवनने, तेच केलं होतं.

तर, काहीही झालेलं नाही. श्रावण आहे, झेंडूला अजून कळी धरायची आहे, आणि जीवन आपल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसून फुलं विकायचं अ‍ॅप लिहितोय. फुलबाजारातून आलेले सावळीराम सोफ्याच्या अगदी कडेला टेकलेत, सोफा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे.

"नाना, उद्या दहा लाख लोक एकदम आले तर?"

"कुठं?"

"अ‍ॅपवर."

"मंग ठीक हाय. मला वाटलं घरी."

सावळीरामांची बाजारात एक पद्धत होती. गिऱ्हाइकाने ढीग पसंत केला आणि त्यांनी "दिला" म्हटलं, की खांद्यावरचा टॉवेल त्या ढिगावर पडायचा. मग भाव दुप्पट होवो, नाहीतर कुण्या पुढाऱ्याचा माणूस गाडी घेऊन येवो, तो ढीग जागचा हलत नसे. हार-तोरणं करणाऱ्या सुमनबाई दर दसऱ्याला असाच ढीग पसंत करायच्या आणि "ठेवा भाऊ" म्हणून निघून जायच्या. चहा घेऊन, देवाला हात जोडून, वाटेत एखादं भांडण उरकून निवांत परतायच्या. ढीग जागेवर आहे का, हे मागे वळून पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

जीवनला ही पद्धत फार आवडायची. म्हणून त्याने टॉवेलचं चित्र अ‍ॅपच्या माथ्यावर लावलं आणि टॉवेल अ‍ॅपमधून काढून टाकला.

कारण टॉवेल एक, म्हणजे एका वेळी एकच सौदा. बाकीचे ताटकळणार. त्याच्या जुन्या कंपनीतला मनोज पुण्याहून फोनवर फुकट सल्ले द्यायचा. तो म्हणाला, "लॉक लावलंस, एकाचं होईपर्यंत बाकीच्यांना थांबवलंस, की लाईन लागते रे. लाईन लागली की गिऱ्हाईक पळालं. आधी हो म्हण, माल आहे का ते मागाहून बघ."

या रचनेला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. आपल्याकडे असंच लग्न जमवतात, त्यामुळे जीवनला ती परकी वाटली नाही. एक सर्व्हर गर्दीत दमेल म्हणून त्याने पाच घेतले. पाचही आपापल्या परीने हुशार होते. फक्त एकाने विकलेला ढीग दुसऱ्याला जरा उशिरा कळायचा.

"आन एकाच ढिगाला दोघांनी हात घातला तर?" सावळीरामांनी विचारलं.

"एकाला नंतर सॉरीचा मेसेज जातो."

"नंतर म्हंजे कवा?"

"सिस्टीमला जमेल तसा."

"आन तवर त्यो माणूस काय समजंल?"

"नाना, दहा लाखांत एखादाच असेल हो असा."

त्या वेळी अ‍ॅप वापरणारे एकूण दोघं होते, जीवन आणि त्याची बायको सुवर्णा. चाचणी म्हणून त्याने हॉलमधून आणि तिने किचनमधून एकदम फुलं मागवली. दोघांनी वेगवेगळे ढीग निवडले, कारण संसारात एकाच गोष्टीला दोघांनी हात घालायचा नाही एवढं ते शिकले होते. चाचणी यशस्वी झाली.

मग दसरा आला. दहा लाख लोक काही आले नाहीत. पण दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी इंदिरानगरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी अ‍ॅप टाकलं, आणि जे आले ते एकदम आले. पाचही सर्व्हर सगळ्यांना हो म्हणाले. प्रत्येकाला टॉवेलच्या चित्रासकट निरोप गेला : 'तुमचा ढीग टॉवेलखाली ठेवला आहे. — सावळीराम.'

सकाळी नवे कपडे घातलेली माणसं मोबाईल पुढे धरून सावळीरामांसमोर उभी राहिली. त्यांनी एक मोबाईल वाचला. मग दुसरा वाचला. तोवर मांडलेले सगळे ढीग संपले होते. उरला होता तो सुमनबाईंचा, टॉवेलखालचा. तोही जीवनने अ‍ॅपमध्ये मोजला होता, कारण अ‍ॅपला टॉवेल दिसत नव्हता.

"नाना, मी सांगतो त्यांना. टेक्निकल प्रॉब्लेम आहे म्हणून."

"खाली नाव कोनाचं हाय?"

"तुमचं."

"मंग तुझा कसला प्रॉब्लेम?"

 सावळीरामांनी टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि ओंजळ ओंजळ फुलं वाटायला बसले. शेवटच्या काहींच्या वाट्याला एकेक फूल आलं. एका गृहस्थांनी एका फुलाचं तोरण कसं करतात ते विचारलं. प्रश्न रास्त होता.

सुमनबाई आल्या. "काय ओ भाऊ, वरात उतरली होती का काय इथं?" म्हणाल्या, आणि त्यांना खांद्यावरचा टॉवेल दिसला. "माझा ढीग?"

"दिला," सावळीराम म्हणाले.

आता सुमनबाई भांडतील म्हणून जीवन वाट बघत होता. त्यांचं भांडण अख्ख्या बाजाराला पाठ होतं, आणि त्या क्षणी ते त्याला हवं होतं. पण त्या नुसत्या "असू द्या, सणाचा दिवस हाय" म्हणाल्या आणि रिकामी पाटी घेऊन गेल्या.

सॉरीचे मेसेज सिस्टीमला जमेल तसे, दिवाळी उलटेपर्यंत जात राहिले. चाचणीसाठी जीवनने वडिलांचाही नंबर घातला होता, त्यामुळे एक त्यांनाही आला : 'क्षमस्व. आपला ढीग दुसऱ्यास गेला आहे. — सावळीराम.'

जीवन घाईघाईने पुसायला गेला.

"ऱ्हाऊ दे," सावळीराम म्हणाले. "बरोबर पत्त्यावर आलाय."

यंदा जीवनने अ‍ॅपला लॉक लावलं आणि चार सर्व्हर कमी केले. लाईन लागते, पण एक ढीग एकालाच जातो. दसऱ्याला सगळं बिनचूक चाललं, त्यामुळे कुणाचं लक्षही गेलं नाही. सुमनबाईंनी माल सावळीरामांकडूनच घेतला. फक्त "ठेवा" म्हणाल्या नाहीत. टेम्पो येईपर्यंत त्या ढिगापाशीच उभ्या राहिल्या, एक हात फुलांवर ठेवून. सावळीराम दुसरीकडे बघत टॉवेलने मान पुसत होते.

दुपारी घरी येऊन जीवनने स्वतःच्याच अ‍ॅपचं तक्रारीचं पान उघडलं. तिथल्या तक्रारी त्याच्याकडेच येतात. त्याने लिहिलं :

'विषय : मागील स्थिती पूर्ववत करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, श्री. सावळीराम यांचा शब्द गतवर्षीच्या दसऱ्याआधी ज्या स्थितीत होता त्या स्थितीत आणून देण्यात यावा. संपूर्ण शक्य नसल्यास, श्रीमती सुमनबाई यांना ढिगाकडे पाठ करून चहाला जाता येईल, इतपत तरी. सदर प्रकरणी सहानुभूतीपूर्वक विचार होऊन उलट टपाली कळवावे, ही नम्र विनंती.'