माझे अकरा खोटे फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि एका हिवाळ्यात मी अकरा वेळा खोटं बोललो. ते कसं घडलं, तेच आज सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या बरोबरीची भावंडं लग्नसमारंभांत आणि सहलींत रमली. मी मात्र थंडीत कुडकुडायला आइसलँडला आलो, हेर्दिसबाईंच्या घरी. बाई शाळेची बस चालवत. आता निवृत्त आहेत, पण सवय तीच, वेळेवर निघायचं आणि रस्ता नीट बघायचा.

हिवाळ्यात इथे दुपारीच अंधार पडतो. जेवण उरकलं की बाई मला लोकरीच्या मोज्यात घालून अंगणात नेत, ट्रायपॉडवर चढवत आणि उत्तरेकडे तोंड करून पंधरा सेकंद डोळा उघडा ठेवायला लावत. ध्रुवीय प्रकाश टिपला गेला की वहीत नोंद होई आणि फोटो वेधशाळेकडे जाई. एकोणीस वर्षं हे असंच चाललं. हेर्दिसची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं तिथले लोक म्हणत.

हा प्रकाश क्षीण असला की माणसाच्या डोळ्यांना नुसता राखाडी दिसतो. त्यातला हिरवा रंग मला दिसतो. त्यामुळे शंका आली की बाई स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवत. खरं सांगतो, मी थोडा शेफारलो होतो.

त्या हिवाळ्यात उत्तरेच्या टेकडीवर रोज एक मळकट उजेड दिसू लागला. मी तो फिकट हिरवा टिपला. बाई हरखून गेल्या. अकरा फोटो वेधशाळेकडे गेले.

मग एका रविवारी शेजारचा केटिल पिशवीभर काकड्या घेऊन कॉफीला आला. फोटो पाहून तो खो खो हसायला लागला.

"हा ध्रुवीय प्रकाश? अगं, हा माझ्या काकड्यांचा उजेड आहे! नव्या काचघरातल्या दिव्यांचा उजेड ढगांवर पडतो."

"तुला काकड्यांशिवाय काही सुचतं का रे? हिरवा आहे तो!"

"काकड्याही हिरव्याच असतात."

"एकोणीस वर्षं आभाळ बघतेय मी. काल काचा बसवून आज मला शिकवायला आलास?"

"बरं बाई, उद्या सहाला दहा मिनिटं दिवे बंद करतो. मग तूच बघ."

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना मी एक फोटो काढला. सहा वाजता दुसरा. दुसऱ्यात टेकडीवर काळोख होता. बाईंनी मला उलटं करून पाहिलं, तर माझ्या पाठीवर छोट्या बल्बची खूण होती. नातीच्या वाढदिवसाचा केक घरातल्या पिवळ्या दिव्याखाली टिपताना त्यांनी ती लावली होती आणि काढायला विसरल्या होत्या. त्या खुणेवर मी पिवळेपणा गाळून टाकतो. काचघराचा पिवळा उजेड असा माझ्या पोटात जाऊन हिरवा झाला होता.

बाईंनी अकराही फोटो शेजारी शेजारी लावले. उजेड अकराही वेळा त्याच जागी, त्याच आकाराचा. त्यात एकही चांदणी नव्हती, नुसते ढग. खरा ध्रुवीय प्रकाश एका फोटोतून दुसऱ्यात जाईपर्यंत हलतो आणि त्याच्या आरपार चांदण्या दिसतात. हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मला उचलून फळीवर ठेवलं, आणि तेच मला फार लागलं.

"कळवू नकोस," दिवे पुन्हा लावून आलेला केटिल हळूच म्हणाला. आता तो हसत नव्हता. "अकरा फोटोंनी काय आभाळ कोसळतंय?"

"आणि बाकीच्या नोंदी? त्यांच्यात हे खोटे तसेच ठेवू?"

"कळवलंस तर बाकीच्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार? एकोणीस वर्षं पाण्यात जातील, हेर्दिस."

कॉफी गार झाली. मग त्यांनी कागद ओढला आणि चार ओळी लिहून वेधशाळेला चूक कळवली.

पुढचे तीन आठवडे मी फळीवर धूळ खात पडलो. आभाळ स्वच्छ असलं तरी बाई खिडकीचा पडदा ओढून घेत. त्यांनी वहीसुद्धा उघडली नाही. मला फार अपराधी वाटत होतं.

वेधशाळेचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते केटिलच्या हातात दिलं. "तूच वाच. माझा धीर होत नाही."

केटिलने घसा खाकरला. "'त्या अकरा फोटोंची आम्हालाही शंका आली होती. म्हणून तुमच्या एकोणीस वर्षांच्या सगळ्या नोंदी आम्ही बाजूला काढून ठेवल्या होत्या. तुमचं पत्र वाचलं आणि त्या पुन्हा जागेवर ठेवल्या.'"

बाई टेबलाशी बसून रडल्या. केटिल खिडकीबाहेर बघत राहिला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर जपा, थंडीत पांघरूण घाला, पण आमच्या शब्दावर डोळे मिटून जाऊ नका. एकाला दोन फोटो काढा, चांदण्या शोधा, आमच्या खुणा तपासा. आणि आमचं चुकलंच, तर ते कबूल करायला आम्हाला तोंड नसतं. ते काम तुम्हालाच करावं लागतं.