कुपाटीला उभी केलेली बाज

मी एक जुनी बाज आहे. बिजाच्या लाकडाचे माझे चार पाय अजून ठणठणीत आहेत. दोरी मात्र माझी स्वतःची म्हणावी अशी एकही उरलेली नाही. किती वेळा विणली गेले, ते मलाच आठवत नाही. मित्रांनो, बहुतेक बाजा माणसांच्या वजनाने झिजतात. मी ओलीने झिजले. हे सांगताना एके काळी मला लाज वाटायची, पण आता वाटत नाही. का वाटत नाही, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

आमच्या भागात आगगाडी नुकतीच धावू लागली होती, त्या काळातला माझा जन्म. तिरोड्याजवळच्या एका धानाच्या गावात सुकराम सुताराने मला घडवले. लहान मुलासाठी म्हणून त्याने मला बुटकी ठेवले आणि अंबाडीच्या दोरीने घट्ट विणले. हात फिरवून म्हणाला, "तीन पिढ्या काही होत नाई हिले." त्याचे शब्द खरे ठरले. म्हणून पहिले आभार त्याचे.

माझ्यावर पहिल्यांदा झोपला तो केशो, चार वर्षांचा. दिवसभर अंगणात उड्या मारायचा आणि संध्याकाळी पडल्या पडल्या झोपी जायचा. सकाळी मी ओलीचिंब. त्याची माय काही बोलत नसे. त्याला कोरडी चड्डी घालून खेळायला पाठवी. मग ती आणि तिची थोरली लेक जमुना मला दोन बाजूंनी उचलून सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, नेत. पाणी टाकून धूत आणि चिंचेआड उन्हात ठेवत. शेजाऱ्यांना कळत नसे, आणि खुद्द केशोलाही फारसे कळत नसे. नऊ वर्षांचा होईपर्यंत हे चालले. मग थांबले आणि सगळे विसरले. मी तेवढी विसरले नाही, कारण तोवर माझी दोरी तीनदा बदलली होती.

केशो मोठा झाला. त्याचा केशोराव झाला, अनुसयाबाईशी त्याचे लग्न झाले आणि त्यांना रुख्मा झाली. मला माळ्यावरून खाली काढले, नवी दोरी भरली. मला फार आनंद झाला. रिकाम्या बाजेसारखे कंटाळवाणे जिणे नाही.

रुख्मा मोठी हुशार पोर. अनुसयाबाई सकाळी पाय लांब करून सांदवाडीत बसे, दोन्ही पावलांवर तिला बसवी आणि तोंडाने "सू सू" करी. उठल्यावर एकदा, जेवणानंतर एकदा, अगदी नेमाने. दीड वर्षाची झाली नाही तोच रुख्मा मायच्या लुगड्याचा सोगा ओढून स्वतःच सांगू लागली. दोन वर्षांची झाल्यावर दिवसा तिचे कपडे कधी ओले झाले नाहीत. केशोराव चारचौघांत तिचे कौतुक करी.

रात्रीचे मात्र तसे नव्हते. तीन वर्षांची झाली, पाच झाली, सातवे लागले, तरी सकाळी मी ओली ती ओलीच. आणि दिवसाचे कौतुकच तिच्या मुळावर आले.

"दिवसा बरी समजते हिले, मंग राती काऊन नाई समजत?" केशोराव म्हणे. "जानूनबुजून करते ही पोट्टी."

"झोपेत हाय जी लेकरू," अनुसयाबाई म्हणे. "झोपेत कोनाले समजते?"

पण त्याच्या डोक्यात एकदा शिरले ते शिरलेच. त्याने दोन हुकूम सोडले. सूर्य मावळल्यावर रुख्माला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हा एक. आणि ओली झालेली बाज सांदवाडीत न नेता समोर रस्त्यालगतच्या कुपाटीला, त्या काटेरी कुंपणाला, उभी करायची, म्हणजे चार लोक पाहतील आणि पोरीला लाज वाटेल, हा दुसरा.

मित्रांनो, कुपाटीला उभे राहणे म्हणजे काय, ते मला विचारा. पोटावरचा ओला डाग रस्त्याकडे, आणि येणारा-जाणारा बघून हसतो. शेळ्या चारायला नेणारी पोरे रोज थांबून "रुख्मीची बाज, रुख्मीची बाज" म्हणत नाचायची. रुख्मा दाराआड बसून राही, माझ्याकडे बघतही नसे. तिला वाटे, मीच तिची चहाडी करते आहे. ते मला काट्यांपेक्षा जास्त टोचे. लाज तिला भरपूर वाटली, पण मी कोरडी काही झाले नाही.

त्या वर्षी दिवाळी जवळ आली. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. नाच-तमाशे होतात, मिठाईची दुकाने लागतात, पाहुण्यांनी घरे भरतात. रुख्माच्या मामाचे गाव दरेकसा. तिथल्या मंडईला जायचे म्हणजे तिरोड्याहून आगगाडीत बसायचे, गोंदियाला गाडी बदलायची आणि पुढे डोंगरातल्या बोगद्याजवळ उतरायचे. रुख्माने आगगाडी दुरून पाहिली होती, आत कधी बसली नव्हती. तिचे सारे बोलणे त्या गाडीवर येऊन थांबे.

केशोरावने सांगून टाकले, "मामाच्या घरी अंथरुन ओलं करशीन अना माही इज्जत घालवशीन. मी जावई हाव त्या घरचा. तू इथंच रायजो." रुख्मा रडली नाही. माझ्यावर येऊन बसली आणि माझी दोरी मुठीत घट्ट धरून राहिली.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी चिचगडहून जमुनाबाई बैलगाडीने माहेरी आली. हो, तीच जमुना. आता केस पांढरे व्हायला लागले होते आणि बोलणे आधीपेक्षा तिखट झाले होते. संध्याकाळी सगळे छपरीत, म्हणजे ओसरीवर, जेवायला बसले. रुख्माने पाणी मागितले तर बापाने डोळे वटारले. पाणी का बंद, ते जमुनाबाईला तेव्हा कळले. थोड्या वेळाने अनुसयाबाईने रुख्मापुढे तांदळाची पेज वाढली, वाटीभर नव्हे, चांगली लोटाभर, आणि तहानलेल्या पोरीने ती घटाघटा संपवून आणखी मागितली. तेव्हा जमुनाबाईने हातातला घास खाली ठेवला.

"पानी बंद केलं म्हनता, अना हे काय होय?"

"पेज होय, बाई. जेवन होय ते," केशोराव म्हणाला.

"दोन दाने भाताचे अना बाकी सारं पानी. दिवसभर पोरगी खेळते, पानी पेत नाई, सांजेले तहान लागते तं लोटाभर पेज ढोसते. मंग राती काय होईन?"

अनुसयाबाईने पेजेचे भांडे मागे ओढले. मित्रांनो, या घरात कोणी मूर्ख नव्हते. पण आमच्याकडे पेज म्हणजे जेवण, ती पाण्यात कोणी धरतच नाही. कित्येक महिने रोज संध्याकाळी पाणी बंद होते आणि रोज संध्याकाळी पेज चालू होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी नेहमीप्रमाणे कुपाटीला उभी. जमुनाबाईने येऊन मला उचलले, एकटीनेच, आणि छपरीत आणून ठेवले. केशोराव पाटावर बसला. तिने त्याला ओवाळले. त्याने घडी घातलेले नवे लुगडे तिच्या ताटात ठेवायला हात पुढे केला.

"लुगडं राहू दे," ती म्हणाली. "मले दुसरी ओवाळनी पाहिजे. रुख्मीले मंडईले घेऊन जा."

"बाई, तुले माईत हाय ना ते..."

"मले सारं माईत हाय. ही बाज कोनाची होय, इसरला का तू? नऊ वर्साचा होयेपर्यंत तू याच बाजेवर मुतत होता. एका बाजूनं माय अना दुसऱ्या बाजूनं मी, दोघी उचलून सांदवाडीत नेत होतो. माह्या लग्नापर्यंत नेली मी ही बाज."

केशोराव म्हणाला, "मले तं काईच आठवत नाई."

"कसं आठवन? कोनी तुले बोललंच नाई. मायनं तुही बाज एक दिवस तरी कुपाटीले उभी केली असती, तं तुले जनमभर आठवलं असतं."

केशोरावने लुगडे बाजूला ठेवले. मग दाराशी उभ्या असलेल्या रुख्माला त्याने जवळ बोलावले आणि विचारले, "गाडीत खिडकीपाशी बसशीन का?" मला हात नाहीत, नाहीतर त्या क्षणी मी जमुनाबाईचे पाय धरले असते.

दरेकशाला मी गेले नाही. तिथे काय झाले, ते परत आल्यावर रुख्माने माझ्यावर उताणी पडून घरी थांबलेल्या मायला सांगितले. पहिल्याच सकाळी मामाच्या घरची वाकळ ओली झाली. मामाची पोरे हसली. रुख्मा कोपऱ्यात तोंड लपवून बसली. तेव्हा बापाने, त्या घरच्या जावयाने, सासऱ्यादेखत ती वाकळ स्वतः उचलली, अंगणात वाळत घातली आणि पोरांना म्हणाला, "हासता कायले? मी हिच्याहून मोठा होतो तरी ओली करत होतो. माही बहीन वाळवत होती."  मग दुधराममामा खाकरला आणि म्हणाला, "जावईबापू, मी बी. सहा वर्सापर्यंत." मामी पदरात तोंड घालून हसली. रुख्मा हे सांगताना बोटे मोजत होती. "बाबा, मामा अना मी." तिच्या आवाजात लाज नव्हती, आपले माणूस सापडल्याचा आनंद होता.

त्यानंतर घरात पेज दुपारीच होऊ लागली. दिवसा पोटभर पाणी, झोपण्याआधी मायबरोबर सांदवाडीत एक फेरी. सकाळी मी ओली निघाले तर रुख्मा आणि केशोराव मला दोन बाजूंनी उचलत. लगेच काही मी कोरडी झाले नाही. आठवड्यातून पाचदा, मग तीनदा, मग क्वचित. केव्हा पूर्ण थांबले ते कुणालाच सांगता येणार नाही. धान चुरून, म्हणजे मळून, झाल्यावर एके दिवशी अनुसयाबाईच्या लक्षात आले, की कितीतरी दिवसांत आपण ही बाज उन्हात ठेवलीच नाही. तिने माझ्या दोरीवरून हात फिरवला आणि कामाला निघून गेली.

आता रुख्माचाही संसार झाला आहे. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या दिवाळीत ती माहेरी आली, सोबत सहा वर्षांचा बिसराम. सकाळी मी पुन्हा ओली. पोर घाबरून मायकडे बघू लागले. रुख्मा त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "मी बी करत होती, सात वर्साची होती तवा."

बिसरामचा विश्वास बसेना. "अना आजा?"

म्हातारा केशोराव छपरीत काठी टेकून बसला होता. "नऊ वर्सं," तो म्हणाला, आणि वर मोठ्या अभिमानाने, "या घरात माह्याएवढं कोनी नाई." पोर खदखदून हसले आणि खेळायला पळाले.

मित्रांनो, केशोची माय देवमाणूस होती, तिचे उपकार मी विसरणार नाही. पण तिने सारे इतके झाकून ठेवले, की बाप झाल्यावर केशोला काहीच ठाऊक नव्हते. म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या घरी एखादे धाकटे भावंड सकाळी ओल्या अंथरुणात गप्प बसून राहिले असेल, तर त्याला हसू नका. त्याच्या अंथरुणाची दुसरी बाजू उचला, आणि तुमचेही कधी असे झाले असेल तर त्याला सांगा.