दोन खाटांमधलं गवत

पाचव्या वर्षाच्या मार्चमध्ये माझ्या आणि माझ्या बहिणीच्या खाटांमध्ये गवत उगवलं आणि आमची खोली आतून लांब झाली. बाहेरून घर होतं तेवढंच होतं. मी दोनदा दोरी लावून बघितलं. बाहेरून चौदा फूट, आतून वीस. ऑर्फाला हसू आवरेना. "केझी, जागा वाढली तर तक्रार कसली करतेस?" म्हणाली. तिला कशाचंच काही वाटायचं नाही. घरात एकाला तरी काही वाटावं लागतं, म्हणून ते काम माझ्याकडे होतं.

आधी घराचं सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाही. नेब्रास्कात सरकार एकट्या बाईलाही एकशे साठ एकर जमीन देत होतं. त्या जमिनीवर घर बांधायचं आणि पाच वर्षं राहायचं. राहायचं म्हणजे झोपायचं. पाच वर्षं भरली की दोन साक्षीदार घेऊन कचेरीत जायचं, की कागद आपल्या नावाचा. आम्ही दोघी ओहायोत भावाच्या घरी राबत होतो, आणि जेवायला बसलं की वहिनीची नजर आमच्या ताटात असायची. त्या नजरेला कंटाळून आम्ही इथे आलो. शेजारशेजारच्या दोन जमिनी घेतल्या आणि बरोब्बर हद्दीवर एकच घर बांधलं, अर्धं तिच्या जमिनीत, अर्धं माझ्या. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या एकावर एक रचून. इकडे बहिणी-बहिणी, भाऊ-भाऊ असंच करतात. मी जमिनीवर चुन्याची रेष मारली, तिची खाट पूर्वेला टाकली, माझी पश्चिमेला, आणि तिला बजावलं, सूर्य मावळला की रेष ओलांडायची नाही.

पहिल्याच हिवाळ्यात ती म्हणाली, "केझी, पाय गारठलेत गं. तुझ्यापाशी येऊ?"

"नको."

"कोण बघतंय इथे?"

"शपथेवर कचेरीत काय सांगशील?"

आई गेली तेव्हा ऑर्फा चार वर्षांची होती आणि मी तेरा. बारा वर्षांची होईपर्यंत ती माझ्या कुशीत झोपली. आता तिचे पाय गारठलेले होते आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी कडक आहे, हे मला कुणी सांगायला नको.

मे महिन्यात मीठ मागायला ओरडावं लागू लागलं. चूल माझ्या बाजूला राहिली, तव्यावरची भाकरी तिच्यापर्यंत नेईस्तोवर गार व्हायची. आमचे शेजारी मिस्टर बॅस्कम कॉफीला आले तेव्हा मी त्यांना खोली दाखवली. त्यांनी पूर्वेकडे बघितलं. ऑर्फा दूर तिकडे खाटेवर बसून मोजा विणत होती, तळहाताएवढी दिसत होती.

"हद्दीवरची घरं ताणली जातात," ते म्हणाले. "माझ्या भावाचं टोक मला गेल्या वर्षापासून दिसत नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? गेल्या ऑगस्टमध्ये पाच वर्षं भरली. कागद मिळाला."

"आणि भाऊ?"

"त्यालाही मिळाला असेल." त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्या कॉफीची तारीफ केली.

जूनमध्ये गवतातून माणसं जाऊ लागली. उत्तरेच्या भिंतीतून आत यायची आणि दक्षिणेच्या भिंतीतून बाहेर पडायची. म्हातारी, लेकुरवाळ्या बाया, पाठीवर गाठोडी घातलेली कुत्री. ते पॉनी होते, इथले मूळचे लोक. ही सगळी जमीन त्यांची. इथे त्यांची मातीची गोल घरं होती, मक्याची शेतं होती. आम्ही यायच्या आधी त्यांना दक्षिणेला पाठवलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण आम्ही यायच्या आधी म्हणजे झालं गेलं, असं मी धरून चालले होते. त्यांचं जाणं अजून संपलं नव्हतं. तीन आठवडे ते माझ्या घरातून जात होते आणि मी त्यांच्याकडे न बघता भांडी घासत होते.

त्यांच्यातली एक बाई चुलीपाशी थांबली. माझ्याच वयाची असेल. खांद्यावर हाडाचं पातं लावलेलं खोरं होतं.

"इथे माझं पेव आहे," ती म्हणाली. "मका पुरलाय."

"इथे माझी चूल आहे."

"चुलीखालीच आहे."

तिने गवताच्या पलीकडे बघितलं. "ती कोण?"

"माझी बहीण."

"एका घरात आणि एवढ्या लांब?"

"कागद मिळेपर्यंत."

"कागद आमच्याकडेही होता," ती म्हणाली. मग तिने सांगितलं, माझी बहीण मागे राहिलीय, ती या वाटेने आली तर तिला सांगा, मका इथेच आहे. मी सांगते म्हटलं. बहिणीचं नाव मात्र विचारलं नाही. नाव माहीत नसताना मी कुणाला काय सांगणार होते? ती गेल्यावर हे माझ्या लक्षात आलं, आणि मी पुन्हा भांडी घासायला घेतली.

ऑगस्टमध्ये ऑर्फाच्या हाका उशिरा पोचू लागल्या. सकाळी मारलेली हाक दुपारी यायची. "केझी, ऊठ, सूर्य बघ" असं दुपारच्या जेवणाच्या वेळी ऐकू यायचं. मला आधी मजा वाटली. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी हाक आली, "केझी, मला ताप आलाय." ती सकाळची होती.

माझी पाच वर्षं एकोणीस ऑक्टोबरला भरत होती, तिचीही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पातेल्यात रस्सा घेऊन निघाले. तीन तासांत पोचले. ऑर्फाचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तिला पाजलं, तिचे केस विंचरले, आणि सूर्य मावळायच्या आत माझ्या खाटेवर परत आले. रोज असंच चाललं. रोज पोचायला थोडा जास्त वेळ लागायचा आणि रोज मी तिच्यापाशी थोडी कमी बसायची. "थांब ना," ती म्हणायची. मी म्हणायची, "एवढं झालं की मग कायमच थांबायचंय." मी निघताना ती माझ्या ॲप्रनच्या नाडीशी खेळत बसायची. मला ती नाडी तिच्या बोटांतून सोडवून घ्यावी लागायची.

मग तो दिवस आला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा मी तिच्यापासून शंभर पावलांवर होते. जास्त नाही, शंभरच. ती उठून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, आणि तिने दोन्ही हात पुढे केले होते. "आलीस?" ती म्हणाली. एवढ्या जवळून हाक लगेच पोचते.

पुढे गेले असते तर दिवस मावळायच्या आत परत येणं जमलं नसतं. एक रात्र तिच्या जमिनीत गेली असती. पाच आठवडे राहिले होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे वहिनीची नजर आली. मी पातेलं गवतात ठेवलं.

"उद्या लवकर निघते," मी म्हटलं.

"केझी, शंभर पावलं तर आहेत."

"उद्या."

मी वळले आणि चालू लागले. मी मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर गेले असते. माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट ती हीच, आणि ती मी शुद्धीत, भर दुपारी, हिशेबात काही चूक न करता केली. दुसऱ्या दिवशी मी अंधारातच निघाले. दुपारपर्यंत ते पातेलंसुद्धा लागलं नाही.

त्यानंतर हाका तेवढ्या येत राहिल्या, चार-चार, आठ-आठ दिवस उशिरा. "केझी, पाणी." "केझी, ये ना." एकदा आली, "केझी, इथे एक बाई आलीय. तिच्याकडे खोरं आहे. मला मक्याची पेज देते." माझ्या चुलीखालची जमीन मी कधी उकरून बघितली नव्हती. बघितली. पेव रिकामं होतं, साफ झाडलेलं. मी खड्ड्याच्या काठावर बसून रडले, आणि संध्याकाळ झाली तशी उठून आपल्या बाजूला झोपले.

एकोणीस तारखेला मिस्टर बॅस्कमना आणि त्यांच्या मेव्हण्याला साक्षीला घेऊन मी कचेरीत गेले. कारकुनाने विचारलं, "बहीण का नाही आली?"

"आजारी आहे."

"घरातच असते?"

"घरातच आहे."

"आपल्या बाजूला झोपते?"

"हो," मी म्हटलं. ते अगदी खरं होतं. दोन्ही साक्षीदारांनी माना डोलावल्या.

कारकून दयाळू निघाला. "तिचाही तुम्हीच घेऊन जा," म्हणाला, "एकाच घरात तर राहता." त्याने दोन्ही कागद एकात एक गुंडाळून दिले. बाहेर पडताना मिस्टर बॅस्कम म्हणाले, "सुटलात एकदाच्या." मी त्यांचे आभार मानले.

घरी आल्यावर मी चूल विझवली, घोंगडं घेतलं आणि पूर्वेकडे निघाले. आता कुठेही झोपायला मला बंदी नव्हती. पहिली रात्र गवतात काढली, मग दुसरी, मग पाचवी. पातेलं लागलं, त्यात पावसाचं पाणी साठलं होतं. छतातून कधी पाऊस आला होता कोण जाणे. तिथून पुढे शंभर पावलं मोजली. नुसतं गवत होतं. मी मोजत राहिले, मग मोजायचं सोडून दिलं.

जशी मी पुढे जात होते तशा हाका ताज्या होत होत्या. वाटेत मला सप्टेंबरच्या शेवटच्या हाका भेटल्या, मग ऑक्टोबरच्या. आधीच्यांत ती मला बोलावत होती. पुढच्यांत ती माझ्याबद्दल बोलत होती. "माझी एक बहीण आहे," ती त्या बाईला सांगत होती. "तिच्या कुशीत खूप ऊब असते." मग एका दिवशी म्हणाली, "मला बहीण होती." मी धावू लागले. धावता धावता ओरडले, "ऑर्फा, मी निघालेय, मी वाटेत आहे," पण माझाही आवाज चालतच जात होता, आणि माझ्यापेक्षा फार वेगाने जात नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी खाट दिसली.

ऑर्फा जिवंत होती. उशीला टेकून बसली होती, बारीक झालेली, केसांची नीट वेणी घातलेली. ती बाई तिच्या शेजारी होती आणि तिच्या हातात वाडगा होता. ऑर्फाने डोळ्यांवर हात धरून माझ्या दिशेला बघितलं. मी दोन्ही कागद छातीशी धरून उभी राहिले, की तिला मी नीट दिसावी.

दुपारी तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचला. बरा वाटला, तापातला नव्हता. नवख्या माणसाबद्दल विचारावं तसं ती विचारत होती, "ती येतेय ती बाई कोण?"

त्या बाईने मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं आणि तिचे ओठ हलले होते, ते मी सकाळीच पाहिलं. ती काय म्हणाली ते अजून गवतातून माझ्याकडे येतंय.