प्रभावळ आणि लाल काच

दत्तजयंतीला बन्सीबाबाच्या झोपडीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चौरंगावर काचेच्या चौकटीतला एक फोटो. कोजागिरीच्या उजेडातली हीच झोपडी, आणि तिच्या माथ्यावर एकात एक तेजाच्या कमानी, मूर्तीमागं प्रभावळ असते तशा.

"पुनवेला आभाळात तारे दिसत न्हाईत," बाबा समजावत होता. "मंग ह्यो उजेड कुठला? आमच्या देहातला. तुमच्या डोळ्याला दिसत न्हाई, यंत्राला दिसला. फोटू कदी खोटं बोलतो व्हय?"

फोटो खरा होता, कारण तो मीच काढला होता. मी रंगनाथ, पारनेरच्या बाजारातला फोटोग्राफर. हौसेनं काढून बाबाला भेट दिला. बाबानं त्यातल्या कमानींना आपली प्रभावळ म्हटलं तेव्हा गप्प बसलो, कारण लोक माझ्याही पाया पडायला लागले होते. ते मला आवडत होतं. आज सांगताना लाज वाटते.

मग दत्तजयंतीच्या आठवडाभर आधी बाजारात झुंबरबाई भेटली. तिच्या पोरीला, चांगुणाला, क्षय. सरकारी दवाखान्यातली रोजची सुई तिनं दीड महिन्यापासून बंद केली होती.

"तुमच्या फोटूची काच धुऊन तीर्थ देते तिला, रंगनाथभाऊ," ती म्हणाली. "खोकल्यातनं रगात येतंय, पर बाबा म्हनत्यात, रोग भायेर पडतोय."

नुसत्या बोलण्यानं तिला पटलं नसतं. दत्तजयंतीच्या आदल्या रात्री मी झुंबरबाईच्याच अंगणात कॅमेरा लावला, आणि दुसऱ्या दिवशी नवा फोटो घेऊन बाबाच्या गर्दीत उभा राहिलो.

फोटो हातोहात फिरला. त्यातही तशाच तेजाच्या कमानी, पण झुंबरबाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर.

बाबा म्हणाला, "तिथं बी आमची कृपा पोचली म्हनायची."

"मंग आता कोंबड्यांचं बी तीर्थ घ्यायचं का?" म्हाताऱ्या गोजरबाईनं विचारलं, आणि माणसं हसली.

मी खिशातून लाल काच काढली. "चांदण्यानं आभाळ निळसर उजळतं, त्यात तारे बुडतात. कॅमेऱ्यापुढं ही काच लावली, की तो निळा उजेड अडतो. नाहीतर सगळा फोटो पांढरा पडला असता. मग कॅमेरा तासभर उघडा ठेवायचा. तेवढ्यात तारे ध्रुवाभोवती सरकतात आणि त्यांच्या रेघा उमटतात. उत्तरेकडं तोंड करून कुणाच्याही घराचा फोटो काढा, असंच येतं. यात बाबाचं काही नाही."

बाबा शाप देत राहिला, पण माणसं एकेक करून उठली. झुंबरबाई मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे तुमाला कोजागिरीलाच ठाव हुतं?"

"होय."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

त्याच दिवशी तिनं चांगुणाला दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली, पण एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं. सुई मधेच बंद केली नसती तर तेही वाचलं असतं, असं डॉक्टरांनी झुंबरबाईला माझ्यादेखत सांगितलं.

चमत्कार दिसला की तो कसा झाला हे विचारा, विचारल्यानं कुठलाही देव कोपत नाही. आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं त्याच दिवशी सांगावं. मी सांगितलं नाही, आणि चांगुणाला आता घागर घेऊन विहिरीचा चढ चढता येत नाही.