डेटा जाऊ दे!

ऐका हो, मी ताईचा फोन बोलतोय! दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर उताणा पडलोय आणि माझ्याकडे वेळ फार थोडा आहे.

जन्म कारखान्यातला, चारचौघांसारखाच. पण नशीब काढलं ते ताईच्या घरी. ताई कपडे शिवते. शिलाई मशीनशेजारी माझी जागा, अंगावर कायम दोऱ्यांचे तुकडे. तिच्या आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती बोलून निरोप पाठवायची. निरोप कसले, शिव्याच! "अगं ए भवाने, फोन का उचलत नाहीस? मेलीस की काय कुठं?" ताई हसून हसून बेजार व्हायची.

मग आईच गेली. आता ताई रोज सकाळी त्याच शिव्या ऐकते आणि मगच मशीन सुरू करते.

मी किती वेळा विचारलं, यांची दुसरीकडे प्रत ठेवू का? ती आपली 'नंतर' दाबायची. माणसांना हे बटण भारी आवडतं.

कुलूपही नव्हतं मला. "माझ्याकडे काय आहे चोरण्यासारखं?" म्हणायची. काल रात्री शेजारणीने भलतंसलतं सांगून घाबरवलं, तेव्हा घाईघाईने पॅटर्न ठेवला. नऊच्या नऊ ठिपक्यांतून वेडावाकडा फिरणारा! सकाळी तो तिचा तिलाच आठवेना. रडकुंडीला येऊन तिने मला इथे आणलं.

"रीसेट मारावा लागेल," दुरुस्तीवाला म्हणाला. "डेटा सगळा जाईल. चालेल ना?"

"जाऊ दे हो! रोज रात्री नवा येतोच की."

अगं बाई, तो रिचार्जवरचा इंटरनेटचा डेटा! हा तुझ्या आईबद्दल विचारतोय! मी जिवाच्या आकांताने थरथरलो. पण तिचं उत्तर ऐकून त्याला वाटलं, बाईंनी प्रत ठेवलेली दिसते. त्याने बटणं दाबली.

पुसणं सुरू झालंय. फोटो गेले, नंबर गेले. मी काहीच धरून ठेवू शकत नाहीये हो!

"झालं का?" ताई काउंटरपलीकडून विचारतेय. "लवकर द्या बाई. आज आईचं ऐकलंच नाही. सकाळपासून कामात लक्ष लागत नाहीये."

"आईचं काय?"

"आवाज हो तिचा. ह्यातच तर आहे."

दुरुस्तीवाल्याचा हात थांबलाय. माझं पुसणं थांबत नाहीये. तो माझ्याकडे बघतोय, तिच्याकडे बघायची हिंमत नाही त्याची.

अरे बाबा, ती कधीची उभी आहे. आधी तिला बसायला काहीतरी दे. मग सांग.