पांढऱ्या पोशाखाची आतली पट्टी

नृत्यवर्गाच्या दर वर्षीच्या बॅलेत नाचायला तीस मुली असायच्या आणि त्या तिसांना स्टेजवर उभं करायला साठ आईबाप. नियमच तसा होता. मुलगी नाचणार असेल तर घरच्यांनी हातभार लावायचा. कुणाचे वडील प्लायवूडची झाडं कापत, कुणाची आई अंबाडे घाली, कुणी दारात उभं राहून उशिरा आलेल्या मामा-मावश्यांना गप्प बसवी. फोटो निघायचा तो मुलींचा. साठांपैकी कुणाचा साधा कोपरही त्यात कधी आला नाही, आणि तशी इच्छा कुणी बोलून दाखवत नसे. मनात ठेवायला मात्र बंदी नव्हती.

त्यात सगळ्यात जुन्या टाचणीकाकू. हे नाव मुलींनी ठेवलेलं, कारण काकूंच्या ओठांत कायम चार-सहा टाचण्या असायच्या आणि त्या दातांतूनच बोलायच्या. जिन्याखालच्या कपड्यांच्या खोलीत त्यांनी सात वर्षं काढली. खोली एवढीशी की इस्त्रीचं टेबल उघडलं की दार लागायचं नाही. नवरा नेपथ्यात होता. त्याने एकच राजवाडा सात वेळा रंगवला होता आणि दर वेळी "यंदा जमलाय" असं म्हणाला होता. काकूंचं काम खरोखर जमायचं.

मुख्य नर्तकीचा पांढरा पोशाख हा त्यांचा जीव की प्राण. दर वर्षी तो नव्या मुलीच्या अंगावर बसवायचा, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणींत तीन-तीन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं. शिंपी त्याला माया म्हणतात. माया कधी कापायची नाही, ही काकूंची शिस्त. आणि कमरेच्या आत एक सुती पट्टी होती. ज्या मुलीला पोशाख मिळेल तिचं नाव काकू त्या पट्टीवर निळ्या दोऱ्याने भरायच्या. सात वर्षांची सात नावं होती. मुली पोशाख चढवण्याआधी ती नावं वाचायच्या आणि एकदम शहाण्यासारख्या उभ्या राहायच्या.

काकूंची लेक सातही वर्षं मागच्या रांगेत, डावीकडून शेवटची. काकूंना हवं होतं ते एवढंच, की आठवं नाव तिचं असावं. तोंडाने त्यांनी कधी मागितलं नाही. सात वर्षं हातांनी मागत होत्या. आणि यंदाचं वर्ष शेवटचं होतं, पुढच्या वर्षी लेक शिकायला बाहेरगावी जाणार होती.

तालमी सुरू झाल्या तेव्हा नृत्य शिकवणाऱ्या बाई खोलीत डोकावल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या लेकीचं शेवटचं वर्ष ना हे? बघू या, काय करता येतं ते."

बाई रोज असं काहीबाही बोलायच्या, पण काकूंनी हे वाक्य घरी नेलं. दोन दिवस ते आत फिरत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं वचन झालं. धुवायला म्हणून पांढरा पोशाख त्या घरी घेऊन आल्या. लेकीचं माप घ्यायची गरज नव्हती, ते बोटांना पाठ होतं. बाजू आत घेतल्या. आता या चणीला आत कापडाचा फुगवटा कशाला, म्हणून जन्मात केलं नव्हतं ते केलं. माया कापून टाकली. मग पट्टीवर लेकीचं नाव भरलं, आणि ते इतकं सुबक आलं की नवऱ्यालाही दाखवलं. नवरा म्हणाला, "यादी लागू दे की आधी." काकू म्हणाल्या, "तुम्ही तुमचा राजवाडा बघा."

यादी लागली. पांढरा पोशाख एका उंच मुलीला, वर्गात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तिची आई यंदा पहिल्यांदाच कपड्यांच्या खोलीत आली होती आणि सुईत दोरा काकूंकडून ओवून घेत होती. काकूंची लेक मागच्या रांगेत, डावीकडून शेवटची.

"मला माहीत होतं," लेक जेवताना म्हणाली.

"कसं माहीत होतं?"

"आई, तिथे आरसा असतो. भिंतभर."

"बाईंना डोळे नाहीत."

"आहेत गं," असं म्हणून लेकीने ताट उचललं.

काकूंना ते ऐकूच आलं नाही. त्यांच्या डोक्यात बाईंशी भांडण चालू होतं, आणि ते त्या रोज नव्याने जिंकत होत्या.

उंच मुलीला पोशाख घालून बघितला तर पाठीवर चार बोटं उघडा राहिला. बाईंचा विश्वासच बसेना. "सोडायला कापड नाही आत? तुमच्याकडून असं झालं?"

"माझ्याकडून झालं," काकू टाचण्यांतून म्हणाल्या.

जुन्या एका झग्याचं कापड काढून त्यांनी काखेखाली दोन्हीकडे जोड दिले. शरमेने त्यांचे कान तापले होते. लेकीचं नाव ब्लेडने उसवलं. दोरा निघाला, पण सुईची भोकं पट्टीवर तशीच राहिली, जवळून बघणाऱ्याला वाचता यावीत इतकी. त्यांवरूनच त्यांनी उंच मुलीचं नाव भरलं. हा प्रयोग झाला की या जिन्याखाली पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी त्याच वेळी ठरवलं.

प्रयोग रविवारी दुपारी होता. दर वर्षीप्रमाणे मोठ्या नाचाच्या जरा आधी काहीतरी फाटलंच. हे त्यांच्या नशिबालाच होतं. कधी कुणाची बाही, कधी कुणाचा हुक, आणि लेकच ते धावत घेऊन यायची. त्यामुळे लेकीचा तो नाच काकूंनी सात वर्षांत धड पाहिलाच नव्हता. मान खाली घालून शिवताना नुसतं संगीत ऐकायच्या. तालमींना तर पालकांना मज्जावच होता.

"आई, आमच्यातल्या सगळ्यात छोटीचा खांद्याचा पट्टा तुटलाय," लेक म्हणाली आणि फ्रॉक त्यांच्या मांडीवर टाकला. "पुढच्याच नाचात आहे ती. आत्ताच दे ना करून."

लेक गेली. काकूंनी सुई घेतली, आणि एकाएकी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं यांचं फाटलेलं शिवायचं आणि पोरगी मागच्या रांगेत. शिवतील बाई. त्यांनी फ्रॉक खुर्चीवर टाकला आणि विंगेत जाऊन उभ्या राहिल्या.

लेक दिसली. तिचं एकही पाऊल चुकत नव्हतं. ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती. हात वर जायला हवे तेव्हा वर जात होते आणि खाली यायला हवे तेव्हा खाली. बाकी काही होत नव्हतं. काकू आणखी काहीतरी होण्याची वाट बघत राहिल्या. मग उंच मुलगी पुढे आली, आणि काखेखालचा जोड दिसतोय का हे बघायचं काकू विसरल्या. पोशाखाची शिवण बघायला त्या आयुष्यात पहिल्यांदाच विसरल्या. भानावर येऊन त्यांनी हट्टाने लेकीकडे बघितलं. तीन वेळा बघितलं. तिन्ही वेळा नजर आपसूक त्या उंच मुलीकडे गेली.

यादी करायला त्यांना बसवलं असतं तरी त्यांनी तीच केली असती. सगळ्यात वाईट हे होतं. बाईंवरचा राग त्या यादी लागल्यापासून जपून होत्या, तो एका नाचात हातचा गेला आणि त्याच्या जागी ठेवायला दुसरं काही नव्हतं.

नाच संपायच्या आधीच त्या खोलीत परतल्या. छोटी आता येईल म्हणून फ्रॉक दिव्याखाली धरला. ओढ बसून तुटलेल्या दोऱ्याला पिसारा फुटतो, कापडही ताणलं जातं. इथे कापड जसंच्या तसं होतं. चार टाके कापलेले होते, चारही टोकं एका रेषेत. काकूंना लेकीची छोटी कात्री आठवली, बुटांच्या रिबिनी कापायला त्यांनीच घेऊन दिलेली. मग गेल्या वर्षीची बाही आठवली. त्याआधीचा हुक आठवला. घाईत दोऱ्यांची टोकं त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

लेक धापा टाकत आत आली. पट्टा शिवलेला नाही हे तिने बघितलं, मग आईचा चेहरा बघितला.

"माझा नाच बघितलास तू," ती म्हणाली.

"हो."

बाहेर टाळ्या चालू होत्या. लेक कपड्यांच्या पेटीवर बसली आणि खाली वाकून रिबिनी सोडायला लागली. काकूंना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. फार गोड नाचली हो तुमची, हे त्या दर वर्षी बाकीच्या सगळ्या आयांना सांगायच्या. आज तोंडात एकही टाचणी नव्हती. त्यांनी सुई उचलली.

"दोरा ओवून दे," त्या म्हणाल्या.

लेकीने ओवून दिला. छोटी आली, फ्रॉक अंगात घालून पाठ करून उभी राहिली. काकूंनी पट्टा दुहेरी टाक्यांनी पक्का केला. आता तो कुणी कापणार नव्हतं, तरीही.