एका माणसाचं जेवण

आहारतज्ज्ञ बाईंनी घरून आणायला सांगितलेल्या माझ्या भात वाढायच्या डावात पाणी भरलं आणि ते मापाच्या पेल्यात ओतलं. पेला काठोकाठ भरला. तो त्यांनी बेसिनमध्ये रिकामा केला आणि पुन्हा ओतलं. पुन्हा भरला. तरी डावाच्या तळाशी पाणी उरलंच. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भात किती दिवस ह्यानेच वाढताय?"

"दीड वर्ष," मी म्हटलं. "रोज, दोन्ही वेळा. अगदी सपाट करून."

सपाट करून! केवढी ती फुशारकी. कारखान्याच्या कँटीनमध्ये चोवीस वर्षं मी वाढायला उभी आहे. सपाट एक डाव म्हणजे एका माणसाचं जेवण, हे माझ्या हाताला झोपेतसुद्धा कळतं. कुणी कितीही मावशी मावशी केलं तरी एक शीत जास्त पडत नाही. आमच्या ह्यांना मधुमेह निघाला तेव्हा ह्याच बाईंनी सांगितलं होतं, जेवणाला एक माप भात. सोबत हा प्लास्टिकचा पेलाही दिला होता. मी तो हसत परत केला. म्हटलं, ज्यांना अंदाज नाही त्यांना द्या, आमचा जन्म वाढण्यात गेलाय. आणि दांडा वाकला म्हणून कँटीनने टाकून दिलेला डाव घरी आणला. दिवसभर लोखंड उचलणाऱ्या गड्यांचं ते माप. आमचे हे शिंपी, मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करणारे. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

साखर काही उतरेना. डॉक्टर विचारायचे, पथ्य पाळता ना? मी छातीठोकपणे सांगायची, घरात मोजून देते, बाहेरचं ह्यांनाच विचारा. मग घरी येऊन मीच विचारत बसायची. दुकानातले खण उपसले, चिंध्यांच्या पिशवीत हात घालून पाहिला. शेजारच्या बेकरीवाल्याला चार गिऱ्हाइकांदेखत दम भरला, ह्यांना बिस्कीट विकलंस तर याद राख. हे तिथेच होते. मान खाली घालून हातातली शिवण पुरी करत राहिले. नणंद एकदा म्हणाली, वहिनी, दादा खोटं बोलणाऱ्यातला नाही. तिला मी फटकारलं, दादाला तुम्ही डोक्यावर घेऊन नाचा, रिपोर्ट मला वाचावे लागतात.

हेही एक वेळ सोडा. कितीदा तरी हे म्हणायचे, "पुरे गं, पोट भरलं." मी उठू द्यायची नाही. गोळी घेतलीय, मापाचं संपवायलाच हवं, नाहीतर चक्कर येऊन पडाल. बिचारे शेवटचे घास पाण्याबरोबर उतरवायचे.

उजवा डोळा गेल्या वर्षी गेला. आधी सुईत दोरा ओवून द्यायला मला हाक मारायचे, मग मशीनच झाकून ठेवलं. दुसऱ्या डोळ्याला आता माणसाची नुसती आकृती दिसते. मी बाईंना विचारलं, आता नीट वाढलं तर नजर परत येईल का? त्या म्हणाल्या, आहे तेवढी टिकवू. नुसत्या भातानेच झालं असं नाही, बाकीचीही कारणं असतात, असंही म्हणाल्या. भल्या आहेत. पण माझ्या जिवाला ते लागू पडलं नाही.

दुपारी घरी पेल्याने भात वाढला. ताटात तो इतकासा दिसला की मलाच भरून आलं. ह्यांनी चाचपत भाताला बोटं लावली, मग आजूबाजूचं मोकळं ताट चाचपलं, आणि बराच वेळ घास उचललाच नाही.

"मी बाहेर खरंच काही खात नव्हतो गं," हे म्हणाले. "पण तुझी खात्री पटत नसेल तर एवढंच वाढत जा. माझी तक्रार नाही."

वाटलं, ह्यांचे पाय धरावेत आणि सगळं ओकून टाकावं. रांगेतल्या शंभर माणसांना एका शब्दात गप्प करणारी मी.

"मला माहितीये, तुम्ही खात नव्हता," एवढंच कसंबसं निघालं.

ह्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. "कधीपासून?"

"सकाळपासून."

 ह्यांनी ताट जवळ ओढलं आणि सावकाश जेवायला लागले. चार-सहा घासांत भात संपला, तरी बोटं ताटात फिरतच राहिली.

"संपलं का गं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.